न पाहिलेला समुद्र

तीस वर्षे मी मुलांना समुद्र शिकवला, आणि समुद्र मी अद्याप पाहिलेला नाही. सणासुदीच्या दिवशी, चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचकांनी ही कबुली वाचावी असे तिच्यात काही नाही, हे मी जाणतो. पण मला जे म्हणावयाचे आहे त्याचा आरंभ तिच्यापासूनच होतो.

भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात सिहोरा हे आमचे गाव. भोवती धानाच्या बांध्या, जवळच चांदपूरचा जलाशय व तेथला हनुमान, आणि पूर्वेस वैनगंगा. पाण्याला आम्ही मोताद नाही. आमच्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हाच म्हणतात. उणीव आहे ती फक्त खाऱ्या पाण्याची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, आणि समुद्र कायद्याने आमचाही झाला. जाऊन पाहणे तेवढे राहून गेले. प्रथम पैसा नव्हता, मग सवड नव्हती, आणि पुढे पुढे तर 'या वयात काय सांगावे' अशी लाज वाटू लागली.

एके दिवशी वर्गात कुसुमाग्रजांचे 'कोलंबसाचे गर्वगीत' शिकवीत असता मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारले, "सर, तुम्ही समुद्र पाह्यला का जी?" मी "हो" म्हणालो. लगेच दुसरा प्रश्न आला, "कसा असते जी?" मग मी सांगत सुटलो. ओली वाळू, लाटांची गाज, बुडणारा तांबडा सूर्य, वाळूवर उमटून पुसली जाणारी पावले! वर्गाचे समाधान झाले. माझे मात्र झाले नाही. खोटे बोललो याची टोचणी होतीच. पण त्याहून एक गोष्ट अधिक खुपली. माझ्या तोंडून जे बाहेर पडले ते समोरच्या कवितेतले नव्हते, कोणत्याही चांगल्या पुस्तकातलेही नव्हते. शेकडो कथांतून हातोहात फिरून गुळगुळीत झालेली ती नाणी होती.

त्या दिवसापासून मी मराठीतला समुद्र निराळ्या नजरेने वाचू लागलो, आणि मला दोन प्रकारचे लेखक दिसू लागले. एक आठवण करून देणारा. तो 'चौपाटीवर संध्याकाळ झाली होती' एवढे लिहितो आणि थांबतो. उरलेले काम वाचकाच्या स्मृतीने करावे अशी त्याची अपेक्षा असते. ज्याने चौपाटी पाहिली आहे त्याला ते वाक्य भरलेले वाटते, आम्हांला रिकामे. दुसरा लेखक वाचकाच्या गाठी काहीच नाही असे धरून चालतो आणि जे द्यावयाचे ते स्वतः देतो. लेखनाचा कस लावावयाचा तर तो अनुभव ज्याने घेतलेला नाही अशा वाचकाकडे ते द्यावे, असे माझे मत झाले आहे. जाणकार वाचक लेखकाला नकळत उसने देतो. अजाण वाचकाकडे उसने द्यावयासही काही नसते.

कोलंबसाचेच पाहा. 'विशाखा' १९४२ साली निघाली. तिच्यातल्या या कवितेत कोलंबस समुद्राला उद्देशून बोलतो आहे. समुद्र कसा दिसतो हे सांगण्यात त्याला रस नाही. त्याच्यापुढे हार न मानणे एवढेच त्याला ठाऊक आहे. २०२० च्या ऑगस्टअखेर संजय सरोवराचे पाणी सुटले, वैनगंगा फुगली, आणि भंडारा शहरात घराघरांत पाणी शिरले. ते पाणी ज्याने पाहिले त्याला कोलंबस समजावून सांगावा लागत नाही. मी त्या पोराला वैनगंगेच्या काठी उभे करावयास हवे होते. मी त्याला चौपाटीवर नेले, तेही उसन्या वाहनाने!

दुसरे उदाहरण माझ्या आईचे. तिचे वय आज ब्याऐंशी आहे, आणि शाळा तिने बाहेरूनच पाहिलेली. सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर केलेली सागराची कविता हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीवर रेडिओवर लागली होती. आईने अर्थ विचारला. मी सांगितले : 'दुसरा देश दाखवतो, लवकर परत आणतो,' असे म्हणून समुद्राने याला नेले आणि आता तो आणीत नाही. आई क्षणभर थांबून म्हणाली, "हे तं सासुरवाशिणीचं गानं हाये गा." माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनात या कवितेवर इतके नेमके भाष्य मी केले नव्हते. तिच्यातले मूळ दुःख वचन मोडून अडकवून ठेवल्याचे आहे, आणि त्यासाठी समुद्र पाहिलेला असण्याची गरज नाही.

श्री. ना. पेंडशांची 'गारंबीचा बापू' (१९५२) सिहोऱ्यास परकी वाटत नाही, तिचेही कारण हेच. दापोलीकडच्या वाड्या आणि पोफळी आम्ही पाहिल्या नाहीत. पण अण्णा खोत आमच्या ओळखीचे आहेत. आमच्याकडे त्यांना मालगुजार म्हणत. खोती रद्द करणारा मुंबईचा कायदा १९४९ चा, मालगुजारी रद्द करणारा आमच्याकडचा १९५० चा. कायद्याने गेलेली माणसे गावाच्या मनातून कशी जात नाहीत, हे दोन्ही मुलखांना सारखेच ठाऊक. पेंडसे त्या माणसांपर्यंत पोचतात, आणि त्यांच्यामागून मुलूख आपोआप येतो.

ही रीत आजची नव्हे. ज्ञानेश्वरांनी १२९० साली नेवाशास प्रवरेकाठी गीतेचा अर्थ सांगितला तेव्हा सागर आणि तरंग यांचे दृष्टांत किती वेळा दिले! समोर बसलेल्या देशावरच्या श्रोत्यांपैकी खारे वारे किती जणांच्या अंगावरून गेले असतील? पण पाणी आणि लाट वेगळी नसते हे ज्याने विहिरीत घागर सोडली त्यालाही कळते.

याचा अर्थ आठवणीचे साहित्य हलके असे नव्हे. गिरगावात वाढलेल्या माणसाने गिरगावकरांसाठी चार ओळी लिहिल्या तर मी कोण आडवा येणार? माझी तक्रार एवढीच, की त्या ओळी साऱ्या मराठीचा समुद्र म्हणून आमच्यापुढे ठेवल्या जातात, आणि ज्याला त्या भिडत नाहीत त्याला रसिकता नाही असे समजले जाते. मी त्या भीतीपोटीच वर्गात "हो" म्हणालो होतो. मजप्रमाणे किती वाचक अशा न घेतलेल्या अनुभवांना मान डोलावीत असतील!

आईने आणखी एक प्रश्न विचारला होता. कोकणातली एक कथा मी तिला वाचून दाखवीत होतो. ती मध्येच म्हणाली, "पानी खारं हाये तं थे लोक धान कसा पिकवतेत गा?" त्या कथेत समुद्र पानोपानी होता, उत्तर मात्र नव्हते. पुढे ते मला शेतीच्या पुस्तकात सापडले. किनाऱ्यावर बांध घालून भरतीचे पाणी अडवतात, पावसाने जमिनीतला खार धुऊन निघतो, आणि मग आत भात लावतात. खारटपणा सोसणारी वाणे पनवेलच्या संशोधन केंद्राने काढली आहेत. बांध फुटला की पीक गेले. म्हणजे समुद्र हा तिथल्या शेतकऱ्याचा शेजारी आहे, रोज दोनदा दाराशी येणारा आणि कधी घरात शिरेल याचा नेम नसलेला. त्या शेजाऱ्याची गोष्ट मला वाचावयास हवी आहे, आणि ती सूर्यास्ताच्या कथांहून मोठी होईल अशी माझी खात्री आहे.

तुमसर रोडहून विदर्भ एक्सप्रेस रोज मुंबईस जाते. या दिवाळीनंतरची दोन तिकिटे मी काढली आहेत. समुद्र पुस्तकातल्यापेक्षा लहान निघेल की काय, अशी मला थोडी धास्ती आहे. आईला ती नाही. मुंबई पाहून झाली की पनवेलच्या पुढे जाऊन तिला तो बांध पाहावयाचा आहे. परत आल्यावर त्या पोराला, आता तो बाप्या झाला आहे, मी गाठणार आहे आणि त्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर देणार आहे.