बोध कोणाचा: शिल्पाचा की पाहणाऱ्याचा?

मराठी समीक्षेत ‘बोधवादी’ हा शब्द आता वर्णनापेक्षा दूषण म्हणूनच अधिक वापरला जातो. ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या फडके-खांडेकर वादापासून आपण बोधाला कलाकृतीचा गुण तरी मानतो किंवा दोष तरी. बोध कलाकृतीतच असतो, हे दोन्हीकडे गृहीत असते. पवनारच्या एका शिल्पाने मला हे गृहीतक तपासायला लावले.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली. बाराव्या अध्यायात सगुण-निर्गुण भक्तीसाठी विनोबा लक्ष्मण आणि भरत यांचे उदाहरण घेतात. लक्ष्मण रामाजवळ राहिला. भरत दूर राहून रामाचेच काम करीत राहिला. चौदा वर्षांनी राम आणि भरत भेटतात, तेव्हा वनातून आलेला कोणता हे ओळखू येऊ नये इतके दोघे सारखे दिसावेत, असे चित्र कोणी काढले तर, ही कल्पना ते मांडतात. ‘भरतासारखे व्हा’ एवढे सांगून त्यांचे भागत नाही. उपदेश करणाऱ्यालाही ऐन मोक्याला चित्रकार आठवतो, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

१९३८ मध्ये विनोबा धाम नदीकाठी पवनारला राहायला आले. पुढे तेथे खणताना एक प्राचीन शिल्प निघाले. विनोबांनी त्यात भरत-राम भेट पाहिली. पवनार म्हणजे वाकाटकांचे प्रवरपूर, असे मत मांडणारे वा. वि. मिराशी यांनीही तेथील शिल्पांत रामकथा वाचली. नंतरच्या काही अभ्यासकांना मात्र ही ओळख पटलेली नाही.

हा मतभेद वाचला तेव्हा मी अस्वस्थ झालो. मग ध्यानात आले, की पहिल्या भेटीत मी ‘भरतभेट’ हे नाव ऐकले, हात जोडले आणि पुढे गेलो. शिल्प पाहिलेच नव्हते. दोष शिल्पाचा नव्हता, विनोबांचाही नव्हता. तयार बोध हाती आला आणि माझे डोळे आळसावले.

उद्या ही ओळख चुकीची ठरली, तरी विनोबांचे म्हणणे खोटे पडणार नाही. ते शिल्प सापडण्यापूर्वीचे आहे. शिल्पही उणे होणार नाही. ते विनोबांच्या कितीतरी शतके आधीचे आहे. दोहोंची गाठ घातली ती पाहणाऱ्याने. म्हणून माझ्या मते बोध असणे हा कलेचा दोष नाही. पाहण्याचे, वाचण्याचे काम संपण्यापूर्वीच बोध हाती ठेवणे हा दोष आहे, आणि तो लेखकाइतकाच वाचकाकडूनही घडतो.

आता कोणाला पवनारला घेऊन गेलो, की शिल्पाचे नाव मी शेवटी सांगतो.