साठी, बुद्धि आणि बुद्धिबळ

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे कीं, ती खरी कीं खोटी याची चौकशी करण्याच्या भानगडींत कोणी पडत नाहीं. पेन्शनीत निघालेल्या गृहस्थाला चष्मा सांपडेनासा झाला, कीं घरांतील पोरसुद्धां ती त्याला ऐकवितें. बहुतेक म्हणी पारखण्यास साधन नसतें. हिला मात्र तें आहे. बुद्धिबळाच्या पटावर वयाचा मान राखला जात नाहीं, आणि वयाची कींवही केली जात नाहीं.

पटाचा पुरावा काय सांगतो? १९३५ सालीं मॉस्को येथें इमॅन्युएल लास्कर ६६ व्या वर्षीं एकही डाव न हरतां तिसरे आले. कापाब्लांका त्यांच्या मागें राहिले. १९८४ सालीं ६३ वर्षांचे स्मिस्लोव्ह जगज्जेत्याला आव्हान देणारा ठरविण्याच्या अंतिम सामन्यांत कास्पारोव्हसमोर बसले. तेरा डावांत चार हरले, एकही जिंकूं शकले नाहींत. परंतु नऊ डाव त्यांनीं बरोबरींत सोडविले. हा सामना दोन्ही बाजूंनीं बोलका आहे. वयाबरोबर लांबलचक चालींची झपाट्यानें गणना करण्याची शक्ति व तासन्‌तास बसण्याचा दम हीं ओसरतात. डावाची पारख मात्र टिकते. पट रिकामा होत गेला, कीं राजा व प्याद्यांच्या खेळांत तीच उपयोगीं पडते. म्हणजे म्हण निम्मी खरी आहे, आणि निम्मी खरी म्हण पूर्ण खोट्या म्हणीपेक्षां अधिक घातक.

ज्येष्ठांची जागतिक स्पर्धा १९९१ पासून सुरू झाली व पहिला मान सत्तरीच्या स्मिस्लोव्ह यांनींच मिळविला. प्रारंभीं पुरुषांस साठ व स्त्रियांस पन्नास ही मर्यादा होती; २०१४ पासून पन्नास व पासष्ट असे दोन गट झाले. यांतील पन्नाशीचा गट आम्हांस पटत नाहीं. १९५९ सालीं जन्मलेल्या प्रवीण ठिपसे यांना ग्रँडमास्टर हा किताब १९९७ सालीं मिळाला; नागपूरच्या दिव्या देशमुखला तोच २०२५ सालीं एकोणिसाव्या वर्षीं लाभला. बुद्धीची पालवी अशी मागें-पुढें फुटते. विश्वनाथन आनंद तर पन्नाशी ओलांडल्यावरही जगांतील अग्रगण्य तरुणांशीं खेळले. पन्नाशीच्या माणसाला ज्येष्ठ म्हणून वेगळा पाट मांडणें हा मान नव्हे, ती घाई आहे.

पासष्टीचा गट मात्र योग्य आहे. आपल्या मध्यमवर्गांत खेळाचें वय नोकरींत व मुलांच्या शिक्षणांत जातें. उसंत मिळते ती दम ओसरल्यावर. अशा माणसाला बरोबरीचा प्रतिस्पर्धी मिळणें ही सवलत नव्हे, न्याय आहे. धोका एवढाच कीं, न्यायाचें कोडकौतुक होतें. ‘या वयांतही खेळतात!’ असें म्हणून टाळ्या वाजविणारा प्रेक्षक डाव पाहतच नाहीं.

येथें कऱ्हाकांठचें एक उदाहरण घ्यावें. बारामतीचे मोरोपंत १७२९ सालीं जन्मले व १७९४ सालीं वारले. त्यांची ‘केकावली’ ही उत्तरायुष्यांतील रचना. तिला कोणी ‘ज्येष्ठ गटांतील काव्य’ म्हणून गुण वाढवून देत नाहीं. ती काव्य म्हणून वाचली जाते व काव्य म्हणूनच तिचे गुणदोष काढले जातात. ज्येष्ठांच्या डावांसही हाच आदर मिळाला पाहिजे: वय न विचारतां डाव मांडावा, आणि जेथें चूक असेल तेथें ती दाखवावी.

बारामती-इंदापुरांतील निवृत्त शिक्षकांनीं म्हणूनच आपल्या वयाच्यांशीं खेळावेंच, पण शाळेंतील पोरांशींही खेळावें. हरले तर ‘चष्मा विसरलों’ अशी सबब सांगूं नये. आणि जिंकले तर त्या पोरानेंही ‘आजोबा म्हणून सोडलें’ असें म्हणूं नये.