ओसाड वास्तू : चाल आणि प्रयोजन

पडद्यावरचे खेळ म्हटले की मारामारी, पाठलाग आणि गुणांची मोजणी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. गेल्या दीड दशकात मात्र एक निराळा प्रकार रुजला आहे. त्यात खेळणाऱ्याने एखाद्या निर्जन बेटावर, रिकाम्या घरात किंवा माणसे नाहीशी झालेल्या गावात नुसते फिरायचे असते. शत्रू नाही, शर्यत नाही, बहुधा हरणेही नाही. आरंभी थट्टेने यांना ‘चालण्याचे खेळ’ म्हटले गेले. यात मुलाच्या हाती काय लागते, असा प्रश्न आपल्या कुटुंबांतील वडीलधारी मंडळी आम्हांला विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर सरसकट देता येत नाही. एकेका कृतीची परीक्षा करूनच ते द्यावे लागते.

परीक्षेसाठी आम्ही दोन कसोट्या मानतो. पहिली गतीची: चालणाऱ्याचे पाऊल कोठे मंदावते आणि का? दुसरी प्रयोजनाची: तो कशाच्या शोधात चालतो? या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या पडल्या की खेळ कंटाळवाणा होतो, मग चित्रे कितीही देखणी असोत.

हे समजून घेण्यासाठी वरवे बुद्रुकच्या वाचकाला दूर जावयास नको. महामार्गावरून नसरापूरकडे वळले की राजगडाची वाट लागते. २०२५ साली जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक. त्याची रचनाच परक्याची पावले अडवण्यासाठी झालेली आहे. बालेकिल्ल्याची खडी चढण, दरवाजांची वळणे, संजीवनी माचीच्या चिलखती तटबंदीतील दोन भिंतींमधली चिंचोळी जागा यांपैकी एकही गोष्ट विनाकारण नाही. आज शत्रू नाही, तरी त्याच वळणांवर आपले पाऊल मंदावते. आणि पाऊल मंदावले की नजर कामाला लागते. पाण्याचे टाके दिसते, वाड्याचे जोते दिसते, आणि येथे कोण राहत होते हा प्रश्न मनात उभा राहतो. तात्पर्य, गती वास्तूतच बांधलेली असते. खेळ रचणाराही एका अर्थी गवंडीच होय.

या कसोटीला उत्तम उतरणारी कृती म्हणजे ‘डिअर एस्थर’ (२०१२). स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज द्वीपसमूहातील एक निर्जन बेट, पडके झोपडे, गुहा, आणि एस्थर नावाच्या स्त्रीला लिहिलेल्या पत्रांचे तुकडे वाचणारा एक आवाज, एवढीच तिची सामग्री. धावता येत नाही, काही उचलता येत नाही. पुन्हा खेळावे तर पत्रांचे काही तुकडे बदललेले असतात. तरीही ही मंद चाल जाचत नाही, कारण दूरच्या मनोऱ्यावरचा तांबडा दिवा आरंभापासून आपल्याला खुणावत असतो. जायचे कोठे हे ठाऊक असते. का जायचे ते वाटेत कळत जाते. शोक करणारा मनुष्य असाच चालतो. येथे गती हाच आशय झाला आहे.

त्याच संस्थेचा पुढला खेळ ‘एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चर’ (२०१५) अधिक महत्त्वाकांक्षी आहे. १९८४ मधील इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातले यॉटन हे काल्पनिक खेडे. घरे उघडी, रस्ते सुने, माणूस एकही नाही. प्रकाशाच्या आकृत्यांतून गावकऱ्यांचे अखेरचे दिवस आपल्यासमोर उलगडतात. गावचे धर्मगुरू जेरेमी यांनाही त्यात स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि त्यांच्या मनाची ओढाताण थट्टेचा विषय केलेली नाही, याचे आम्हांला समाधान वाटते. जेसिका करी यांच्या संगीताला २०१६ साली बाफ्टा पुरस्कार मिळाला, तो उचितच. परंतु येथे चाल जाचते. वेग वाढवण्याची सोय खेळात होती, पण ती खेळणाऱ्याला सांगितलेलीच नव्हती. त्यामुळे तक्रारी झाल्या. आमच्या मते दोष केवळ त्या न सांगितलेल्या कळीचा नव्हे. गाव विस्तीर्ण, अनेक घरे आतून सारखी, आणि चुकीच्या वाटेने गेलेल्याला तेवढीच मंद परतफेरी. पाहण्याजोगे काही नसतानाही पाऊल अडवणे म्हणजे गांभीर्य नव्हे.

याउलट ‘गॉन होम’ (२०१३) एका घरापुरताच आहे. १९९५ साली परदेशाहून परतलेल्या मुलीला आपले घर रिकामे आढळते. खण, चिठ्ठ्या, ध्वनिफिती यांतून ती आपल्या माणसांना जणू नव्याने ओळखते. येथे प्रत्येक खण हे थांबण्याचे कारण आहे. लहान वास्तू, पण भरलेली. मोठ्या गावापेक्षा ती अधिक काळ मनात राहते.

आता आपल्या जवळची कृती पाहू. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ (२०२०) हा मुख्यतः लढाईचा खेळ, परंतु तो घडतो ओस पडलेल्या महालांत आणि दुर्गांत. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात राजी निघते. म्हणजे प्रयोजन आरंभीच मिळते, आणि तेही हृदयाला भिडणारे. पहाडी चित्रशैलीची छाया असलेली रंगसंगती, छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा, भिंतीवरच्या चित्रांपुढे थांबले की ऐकू येणारे निवेदन, हे सारे आपल्या मातीतले आहे. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये उत्कृष्ट पदार्पणासाठी त्याला नामांकन मिळाले, याचा अभिमान वाटावा. मात्र चौकात पाऊल टाकावे तो वाटा बंद होतात आणि असुरांचा निःपात होईपर्यंत सुटका नसते. चौकाचा आखाडा होतो, आणि येथे कोण राहत होते हा प्रश्न विरून जातो. शिवाय दृश्याचा कोन रचनाकाराने ठरवलेला. मान वळवून कमान पाहण्याची मुभा खेळणाऱ्याला नाही. इतक्या निगुतीने उभारलेली वास्तू पाहण्यास सवडच मिळू नये, ही आमची खंत आहे. भित्तिचित्रांपुढचे ते मोजके निवांत क्षण मात्र या संस्थेला दुसराही मार्ग साधेल याची साक्ष देतात.

हा विचार पडद्यापुरता राहत नाही. वसईच्या किल्ल्यात १७३९ पूर्वीच्या चर्चवास्तूंचे अवशेष उभे आहेत. तेथे आपली मुले कशी चालतील? छायाचित्र काढून पुढे पळतील, की शिलालेखापुढे थांबतील? चांगला खेळ ही थांबण्याची सवय लावू शकतो. वाईट खेळ प्रत्येक भग्न भिंत ही कोणाच्या तरी झटापटीची पार्श्वभूमी आहे असे शिकवतो. म्हणून पालकांनी खेळ सरसकट बंद करण्यापेक्षा शेजारी बसून एकच गोष्ट विचारावी: हे घर कोणाचे होते? मुलाला उत्तर देता आले, निदान ते शोधावेसे वाटले, तर तो वेळ सत्कारणी लागला असे समजण्यास हरकत नाही.