राखून ठेवलेली शाबासकी

१६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर सचिन तेंडुलकरांनी केलेले निरोपाचे भाषण गुरूचे व्यक्तिचित्र म्हणूनही वाचण्याजोगे आहे. त्यात रमाकांत आचरेकर दोनच तपशिलांतून उभे राहतात. सामन्यांचा सराव घडावा म्हणून शिष्याला स्कूटरवरून शिवाजी पार्क, आझाद मैदान असे मुंबईभर हिंडविणारे तेच. आणि एकोणतीस वर्षांत 'छान खेळलास' असे एकदाही न म्हणणारेही तेच. शिष्य आत्मतुष्ट होईल, ही त्यांची धास्ती. आता सामनेच उरले नाहीत, तेव्हा सरांनी शाबासकी द्यावयास हरकत नाही, असे तेंडुलकर विनोदाने सुचवितात. त्या विनोदाआड चाळिशीतही ते शब्द ऐकू इच्छिणारा विद्यार्थी आहे.

परिपूर्णतेच्या ध्यासाचे बळ आणि उणीव यांचे मूळ येथे एकच दिसते. गुरूचे स्वतःचे श्रम पाठीशी होते, म्हणून त्या मौनाला अर्थ आला. परंतु हेतू साधल्यावरही न सुटणारे मौन व्रत न राहता सवय बनते. शिवाय ही साक्ष यशस्वी शिष्याची आहे. अशा शिस्तीत कोमेजून मैदान सोडणाऱ्याच्या वाट्याला निरोपाचे भाषण येत नाही. शिक्षकांनी हे चित्र आदर्श म्हणून स्वीकारताना त्या अबोल विद्यार्थ्याचेही स्मरण ठेवावयास हवे.