स्वस्त स्टिरिओ किती टिकतो?

टेपरेकॉर्डर चांगला की वाईट, हे आपण दुकानात उभे राहून ठरवत असू. दुकानदार नवी कोरी कॅसेट लावी, आवाज मोठा करी, लाल-हिरवे दिवे गाण्याबरोबर लुकलुकत आणि आपण पैसे मोजून मोकळे होत असू. टिकाऊपणाची परीक्षा पुढच्या पाच-सात वर्षांत होई. तिचा निकाल मात्र कोणी लिहून ठेवत नसे. असा एक निकाल येथे मांडत आहे.

आमच्या शाळेत १९९३ साली एक स्वस्त स्टिरिओ टू-इन-वन आला. दोन स्पीकर, कॅसेटचा एक कप्पा, रेडिओ, सहा मोठे सेल किंवा घरची वीज. कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण त्या किमतीची यंत्रे आतून एकमेकांची भावंडेच असत. प्रार्थना, कवायत, इंग्रजीचे पाठ आणि स्नेहसंमेलनातले नाच एवढी कामे त्याने दहा वर्षे केली. या काळात पट्टा दोनदा बदलला, रबरी चाक एकदा. सेलच्या स्प्रिंगा दोनदा घासून काढाव्या लागल्या. हेडफोनच्या भोकाचा जोड एकदा सुटला. एरिअल पहिल्याच पावसाळ्यात मोडली आणि कप्प्याचे झाकण पुढे कायमचे रबरबँडने बांधलेले राहिले. ध्वनिवर्धकाचे सर्किट मात्र एकदाही बिघडले नाही.

एका यंत्रावरून साऱ्या जातीला नावे ठेवणे शास्त्राला धरून नाही, हे मान्य. पण ही यादी पुन्हा वाचून पाहा. जे फिरते, जे वाकते आणि जे नुसते टेकलेले असते, तेच बिघडले आहे. ज्याला आपण ‘इलेक्ट्रॉनिक्स’ म्हणून भितो, ते शाबूत आहे. स्वस्त यंत्रात काटकसर कुठे केलेली असते, याचे उत्तर येथेच मिळते. ती रबरात, पत्र्याच्या स्प्रिंगांत आणि प्लॅस्टिकच्या बिजागरीत केलेली असते.

खोक्यावर मात्र याविषयी अवाक्षर नसे. तिथे ठळक अक्षरांत शेकडो वॅट ‘पीएमपीओ’ छापलेले असत. हा आकडा मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नव्हती. सहा सेलचे मिळून ९ व्होल्ट होतात. २०० वॅट सतत हवे असतील तर सुमारे २२ अँपिअर प्रवाह लागेल, आणि साध्या सेलकडून तो मिळणे शक्य नाही. नववीच्या मुलांना हे गणित जरूर घालावे. आमच्या यंत्राच्या पाठीमागच्या पाटीवर वीज किती लागते ते लिहिले होते: १५ वॅट. पाठ खरे बोलत होती, पोट खोटे.

आता रबराकडे वळू. कॅसेटची फीत हेडसमोरून सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकली पाहिजे. फिलिप्सने १९६३ साली ही कॅसेट आणली तेव्हापासून हा वेग ठरलेला आहे. हे काम एक बारीक फिरती दांडी, म्हणजे कॅपस्टन, करते. रबरी चाक फितीला या दांडीवर दाबून धरते आणि मोटरची गती रबरी पट्ट्याने दांडीपर्यंत पोचते. पट्टा ढिला पडला की तो घसरतो आणि गाणे रडके होते. दांडीवर मळाचा थर बसला तर उलटे घडते. दांडी २ मिलीमीटर जाडीची असेल आणि सगळीकडून ०.०२ मिलीमीटर मळ चढला, तर तिचा व्यास २ टक्क्यांनी वाढतो आणि फीतही तेवढ्याच प्रमाणात जलद पळते. अर्ध्या स्वराचे अंतर सुमारे ६ टक्क्यांचे असते, म्हणजे हा फरक त्याच्या एक तृतीयांश झाला. तयार कानाला तो लगेच कळतो.

चाकाचे दुखणे वेगळे आहे. प्लेचे बटण दाबलेले असताना वीज गेली, तर मोटर थांबते पण चाक दांडीवर दाबलेलेच राहते. भारनियमनाच्या दिवसांत हे किती वेळा घडले असेल! वीज येईना म्हणून आपण यंत्र तसेच ठेवून वर्गावर निघून जात असू. दुसऱ्या दिवशी पाहावे तो रबरावर खाच पडलेली. मग प्रत्येक फेरीला आवाज एकदा डुचमळतो.

या डुचमळण्यातूनच आजाराचे निदान करता येते. शाळेच्या कामाच्या दृष्टीने मला हा या यंत्राचा सर्वांत मोठा गुण वाटतो. हार्मोनियमची एकच पट्टी दाबून धरलेला स्वर चांगल्या यंत्रावर ध्वनिमुद्रित करून घ्यावा. ती कॅसेट दुखणाईत यंत्रात लावावी आणि स्वर किती वेळाने हलतो ते घड्याळावर मोजावे. चाकाचा व्यास १ सेंटिमीटर धरला तर परीघ ३.१४ सेंटिमीटर. ४.७६ ला ३.१४ ने भागले की सेकंदाला दीड फेरी येते. तेव्हा दर दहा सेकंदांत पंधरा हेलकावे मोजले गेले तर दोष चाकात आहे. २ मिलीमीटरची दांडी सेकंदाला साडेसात फेऱ्यांहून थोडे अधिक फिरते. ती वाकलेली असेल तर हेलकावे मोजता येत नाहीत, स्वर नुसता थरथरतो. फीत गुंडाळणारे चक्र याहून बरेच सावकाश फिरते. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या सुरुवातीला एका फेरीला सुमारे दीड सेकंद लागतो आणि शेवटी, वेटोळ्याचा व्यास ५ सेंटिमीटरच्या आसपास पोचल्यावर, तीन सेकंदांहून जास्त. म्हणून कॅसेट पुढे सरकेल तसतसे हेलकावे लांबत गेले, तर चक्र किंवा कॅसेटच दोषी समजावी. झाकण न उघडता, केवळ भागाकाराने बिघाड सापडतो. मुलांना परिघाचे सूत्र इतक्या उपयोगाचे कधी वाटले नसेल.

चक्र अडले आणि दांडी फिरतच राहिली, तर यंत्र फीत ‘खाते’. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर, म्हणजे दहा सेकंदांत जवळपास अर्धा मीटर फीत आत कोंबली जाते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटचे असे अधिक होई. एका बाजूची ४५ मिनिटे म्हणजे १२८ मीटर फीत त्याच डबीत बसवायची, म्हणून ती पातळ करावी लागते. साठच्या कॅसेटमध्ये सुमारे १८ मायक्रोमीटर जाडी असते, तर नव्वदच्या कॅसेटमध्ये सुमारे १२. स्वस्त यंत्राला साठचीच कॅसेट द्यावी, हा मेकॅनिकचा सल्ला बरोबर होता.

हेडवर बसणाऱ्या मळाचे मात्र आपल्याला फारसे गांभीर्य नव्हते. १०,००० हर्ट्‌झच्या स्वराची एक लाट फितीवर केवळ ४.७६ मायक्रोमीटर लांब असते. हेड आणि फीत यांच्यामध्ये १ मायक्रोमीटर मळ आला, तर या स्वराची पातळी जवळजवळ चौथ्या भागावर येते. ५,००० हर्ट्‌झला ती निम्मी होते. १,००० हर्ट्‌झला मात्र घट फक्त बारा टक्के. म्हणून मळलेले यंत्र बंद पडत नाही. ढोलकी ऐकू येते, बोलणेही समजते, आणि ‘स’ व ‘श’ यांतला फरक मात्र पुसट होतो. इंग्रजीच्या पाठाच्या कॅसेटवर शब्दाच्या शेवटचे व्यंजन मुलांना ओळखता येत नाही, म्हणून आपण मुलांवर रागावलो आहोत. मी तरी रागावलो आहे. कापसाचा बोळा आणि थोडे आयसोप्रॉपिल अल्कोहोल वापरून हेड पुसले तेव्हा तीच मुले बरोबर सांगू लागली.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर केंद्र सरकारच्या शैक्षणिक तंत्रज्ञान योजनेतून प्राथमिक शाळांना रेडिओ-कम-कॅसेट प्लेअर दिले गेले. वस्तू आली की तिची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत होते, आणि नोंद झाली की भीती सुरू होते: मोडली तर जबाबदार कोण? म्हणून यंत्र कपाटात जाते. स्वस्त यंत्राला याहून वाईट जागा नाही. साध्या सेलचे जस्ताचे भांडे हाच त्याचा ऋण ध्रुव असतो. ते झिजत जाते, शेवटी भोक पडते आणि आतला क्षारयुक्त ओलावा स्प्रिंगांवर उतरतो. गंजलेल्या स्प्रिंगांनी मिळून १ ओहम रोध वाढवला आणि मोटर व ध्वनिवर्धकाला अर्धा अँपिअर लागत असेल, तर अर्धा व्होल्ट तिथेच खर्च होतो. सेल नवे घातले तरी यंत्र रडते आणि आपण सेलवाल्याशी भांडतो. एकाच जागी ताणून राहिलेला पट्टाही आपला गोल विसरतो. वापरून झिजलेल्या यंत्रांपेक्षा जपून ठेवलेलीच यंत्रे मला अधिक वाईट अवस्थेत सापडली आहेत.

एवढी टीका केल्यावर एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. हे यंत्र उघडता येत असे. मागचे पाच-सहा स्क्रू काढले की सगळे समोर. पट्टा काही रुपयांत मिळे आणि तालुक्याच्या गावी तो बसवणारा माणूसही असे. अर्थात इथेही काटकसर होतीच: स्क्रू प्लॅस्टिकच्या खुंट्यांत पिळलेले असत, त्यामुळे चार-पाच वेळा उघडल्यावर आटे जात. आजच्या ब्लूटूथ स्पीकरमध्ये पट्टा नाही, चाक नाही, हेडही नाही. पण त्याची बॅटरी न वापरताही म्हातारी होते, आणि पुष्कळ स्वस्त स्पीकरमध्ये ती सहज बदलता येत नाही. तुलना करायची तर एवढे लक्षात घ्यावे.

शाळेच्या कपाटात अजून कॅसेटी असतील. त्यांत जुन्या विद्यार्थ्यांचे आवाज असतील, कोणा आजीने म्हटलेल्या ओव्या असतील. त्या उतरवून घ्यायच्या असतील तर त्या लगेच यंत्रात घालू नयेत. आधी सेलची जागा पाहावी, हेड आणि दांडी पुसावी, रबरी चाक साबणाच्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने पुसून कोरडे करावे आणि पट्टा नवा घालावा. मग नको असलेली साठची कॅसेट संपूर्ण अर्धा तास वाजवावी. गुंडाळणारे चक्र एकदाही अडले नाही, तरच ओव्यांची कॅसेट लावावी, आणि ती चालू असेपर्यंत जवळून उठू नये.