कथाचित्रकार आणि अनुबोधपट

चित्रकारावरील अनुबोधपटाचा नमुना म्हणून सत्यजित राय यांचा ‘द इनर आय’ (१९७२) घ्यावा. त्यात विनोदबिहारी मुखर्जी यांनी शांतिनिकेतनात रंगविलेल्या संतांच्या भित्तिचित्रावरून कॅमेरा सावकाश फिरतो आणि अर्थ पोचतो; कारण भित्तिचित्र स्वयंपूर्ण असते. हीच रीत दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांना लावता येईल काय? येणार नाही, असे आमचे मत आहे.

जलरंगावर प्रभुत्व असलेल्या दलालांची लोकप्रियता छापील पानावर घडली : मुखपृष्ठे, कथाचित्रे आणि त्यांनी १९४५ साली सुरू केलेले ‘दीपावली’. पदाचा वाक्याशी जो संबंध, तोच कथाचित्राचा शेजारच्या मजकुराशी. वाक्याबाहेर काढलेल्या पदाचा कोशगत अर्थ उरतो, विवक्षित अर्थ लोपतो. केवळ मूळ चित्रे दाखविणारा पट म्हणूनच दलालांचा कोश देईल, भाषा देणार नाही.

छपाईत पारदर्शक रंगाचे ठिपके होतात व त्याची तरलता उणावते, हा आक्षेप खरा आहे. परंतु नागपुरात, गांधीबागेत बसून ज्यांनी दलाल पाहिले, त्यांनी पाहिले ते हेच ठिपके. पटाने मूळ चित्र दाखवावेच. त्यालगत ते पान आणि त्यावरील कथाही दाखवावी. एरवी चित्रकार दिसेल, कथाचित्रकार दिसणार नाही.