फोटोची पाठ

आमच्या सावद्याच्या घरी वडिलांची एक पत्र्याची ट्रंक आहे. वडील रेल्वेत मालधक्क्यावर कारकून होते. केळीच्या वॅगनी भरून उत्तरेकडे रवाना करण्यात त्यांची हयात गेली. ते गेल्यानंतर ट्रंकेत जुने पास, पावत्या आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक काळा-पांढरा फोटो निघाला. नऊवारी नेसलेल्या तीन बायका, टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ (टोपी तेव्हा सगळेच घालत), दोन मुले आणि पुढे पाटावर मोठे ताट. ताटात पोह्यांची रास, केळी, खजूर, वर गुलाबाचे फूल. स्थानिक इतिहासाच्या माझ्या वहीत मी नोंद केली : 'सत्यनारायण, भुसावळ रेल्वे कॉलनी'. ताटामागे ना कलश होता, ना चौरंग, ना देवाची तसबीर. पण जे नाही ते दिसायला आधी शंका यावी लागते.

एका पावसाळ्यात फोटो पुठ्ठ्यावरून सुटला. मागे पेन्सिलीने लिहिले होते : 'एलियाहू हनाबीचा मलिदा. नवस फिटला. डावीकडून आई, थोरली वहिनी, मी.' तेव्हा वडिलांच्या बोलण्यातले गार्डसाहेब आठवले. मूळचे कोकणातले, पुढे सहकुटुंब इस्रायलला गेलेले. शनिवारची ड्युटी ते बदलून घेत, एवढेच वडील सांगायचे. का, ते आम्ही कधी विचारले नाही. मलिदा म्हणजे भिजवलेल्या पोह्यांत गूळ किंवा साखर आणि ओले खोबरे कालवून, फळे मांडून एलिया संदेष्ट्याच्या नावाने करायचा बेने इस्रायल लोकांचा विधी. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर या संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा उमटल्या अशी त्यांची श्रद्धा आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. पण या चुकीमुळे गेली काही वर्षे बेने इस्रायलांविषयीची पुस्तके आणि चित्रे मिळतील तशी पाहत आलो आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारत आलो : इथे फोटोची पाठ जपली आहे का?

सुरुवातीच्या छायाचित्रांत ती मुळीच नाही. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांतल्या विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींचा मोठा चित्रसंग्रह पुढे १८६३ ते १८६६ मध्ये छापला. माणसांचे फोटो वेगळे घ्यायचे आणि त्यांच्यामागे दुसऱ्याच फोटोतले देऊळ किंवा रस्ता जोडायचा, ही त्याची पद्धत. जमातीचे नाव मिळाले की माणसाच्या नावाची गरज उरत नसे. बेने इस्रायल शिक्षकांचे १८५६ चे म्हणून एक छायाचित्र आजही जागोजागी छापले जाते. खाली मुंबईचे नाव असते, जमातीचे असते, व्यवसायही असतो. त्या शिक्षकांना घरी काय म्हणून हाक मारत, हे मात्र नाही. कला म्हणून जॉन्सनचे काम मला आवडते. दाखला म्हणून मी त्यावर फारसा विसंबत नाही.

याच्या उलट टोकाला १८७४ ची पुण्याची हगादा आहे. वल्हांडणाच्या रात्री घरात वाचायची ही पोथी, हिब्रू आणि मराठीत. तिच्यातल्या एका चित्रात साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. (त्याआधी १८४६ मध्ये मुंबईतही हिब्रू-मराठी हगादा निघाली होती.) चित्रांमागे युरोपीय नमुने आहेत, हे खरे. तरी ते चित्र ज्यांचे आहे त्यांच्याच भाषेच्या शेजारी आहे, आणि ज्या घरात ती भाकरी होते त्याच घरात वाचायचे आहे.

मग हाईम सॅम्युएल केहिमकर. त्यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये इंग्रजीत लिहून पुरा केला. हस्तलिखित चाळीस वर्षे तसेच राहिले आणि लेखकाच्या मृत्यूनंतर, १९३७ मध्ये, तेल अवीवला छापले गेले. त्यासाठी खटपट केली ती इमॅन्युएल ओल्सवँगर यांनी. मुंबईत इस्रायली शाळा काढणाऱ्या माणसाचे पुस्तक, आणि त्याला मुंबईत छापखाना मिळाला नाही! पुस्तकात पूर्वज इ.स.पू. १७५ च्या सुमारास कोकणात आल्याचे प्रतिपादन आहे, ते पुढच्या अभ्यासकांनी जसेच्या तसे स्वीकारले नाही. बी. जे. इस्रायल यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात दंतकथा आणि पुरावा यांतले अंतर शांतपणे दाखवून दिले. माझ्या मते केहिमकरांचा प्राण उत्पत्तीच्या प्रकरणांत नाहीच. तो लग्न, बारसे, नवस, जेवणखाण यांच्या नोंदींत आहे. स्वतः पाहिलेले सांगताना त्यांचे इंग्रजी मराठी श्वास घेते.

आडनावांचाही इथे विचार करावा लागतो. केहिमकर, दिवेकर, पेणकर, चेऊलकर : गावे ओळखीची, आडनावे आपल्यासारखीच. पण १७९६ मध्ये मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर मराठी कागदांत सामाजी हसाजी दिवेकर होतात. यादी करणाऱ्याला दोन्ही भाषा येत नसतील तर एका माणसाची दोन माणसे होतात, आणि मग ती दोघे कधीच भेटत नाहीत.

हा नुसता यादीकारांचा घोळ नाही. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे सव्वीस हजार ज्यू होते. २००१ मध्ये ते पाच हजारांच्या आत आले. बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथे १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फर्मान काढले : बेने इस्रायल व्यक्तीचे इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी तिची वंशावळ शक्य तितक्या पिढ्या मागे तपासावी. त्यावर मोठे आंदोलन झाले, १९६४ मध्ये तिथल्या संसदेने समाजाच्या बाजूने ठराव केला आणि फर्मानातला बेने इस्रायलांचा उल्लेख काढावा लागला. म्हणजे आजी कोण, पणजी कोण, हे प्रश्न घरातले न राहता लग्नाच्या नोंदणी कचेरीत आले. कौटुंबिक कागदांना हौसेची गोष्ट समजणाऱ्यांनी ही दोन वर्षे आठवून पाहावीत.

आता पुन्हा माझ्या फोटोकडे, कारण त्याबाबतीत मी दुसऱ्यांदाही चुकलो. पाठ वाचल्यावर मी नोंद सुधारली आणि गार्डसाहेबांचे आडनाव घालून 'यांचे कुटुंब' असे लिहिले. पुढे आत्याच्या घरी काही पत्रे सापडली. इस्रायलहून वडिलांना आलेली, मराठीत. तिकिटे आम्ही भावंडांनीच लहानपणी कापून घेतली होती, त्यांच्याबरोबर टपालाचे शिक्केही गेले. तारखा माझ्याच कात्रीने घालवल्या. पत्रांचे अक्षर आणि फोटोमागचे अक्षर एकच निघाले : तेच न जोडलेले 'आई'तले 'ई'. आणि पत्रांखाली सही होती गार्डसाहेबांच्या पत्नीची.

म्हणजे 'मी' ती. मग 'थोरली वहिनी' कोण? बाईने वहिनी म्हटले तर ती भावाची बायको. नवऱ्याच्या थोरल्या भावाची बायको असती तर तिने 'जाऊबाई' लिहिले असते. आणि 'आई'? सासूलाही आई म्हणतात, पण वहिनीच्या शेजारी बसलेली आई ही तिची स्वतःचीच असणार. फोटो गार्डसाहेबांच्या कुटुंबाचा नव्हताच. तो तिच्या माहेरचा होता. नवस माहेरचा होता, बहुधा टोपीवाले गृहस्थही माहेरचेच.

हाच मजकूर इंग्रजीत नेला असता तर वहिनी, जाऊ, नणंद या तिघींना एकच शब्द मिळाला असता, आणि अख्खे कुटुंब चुकीच्या आडनावाखाली कायमचे बसले असते. अशी किती पेन्सिलीची अक्षरे आज अश्दोद, लोद, दिमोना इथल्या कपाटांत असतील! तिथून 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघाले, म्हणजे ही अक्षरे वाचणारी पिढी तिथे आहे. नातवंडांची भाषा मात्र हिब्रू. फोटो स्कॅन करणे आता सोपे झाले आहे आणि लोक उत्साहाने करतातही, पण बहुतेक वेळा पुढच्या बाजूचेच. मागची बाजू स्कॅन केली तरी ती वाचायला वहिनी आणि जाऊ यांतला फरक ठाऊक असलेला माणूस लागतो. असा माणूस विद्यापीठातच भेटेल असे नाही. सावद्यातही तो सहज मिळेल, विचारणारा पाहिजे.

फोटो मी आता पुन्हा चिकटवलेला नाही. पत्रांबरोबर एका खोक्यात सुटा ठेवला आहे, दोन्ही बाजू पाहता येतील असा. नव्या चिठ्ठीवर लिहिले आहे : 'मलिदा, भुसावळ. आई, थोरली वहिनी आणि लिहिणारी.' माहेरचे आडनाव पत्रांत कुठेच नाही. त्याच्यासाठी चिठ्ठीवर एक ओळ मोकळी सोडली आहे.